सोडलेला धूर

८ जानेवारी

ठमे,

आशीर्वाद राखून ठेवलेत. या पत्राला माणसासारखं उत्तर आलं तर पाठवीन.

फोन करत नाही, कारण फोनवर तू "हो गं आत्या, बघते" म्हणतेस आणि रिसीव्हर ठेवायच्या आत विसरतेस. कागदावरचं विसरायला निदान फाइल तरी हरवावी लागते.

सोबत एक दुपटं आहे. उलगड. बाळंतपणाच्या दवाखान्याचं आहे, मी स्वतःच्या हातानं उकळलंय, दोनदा विसळलंय, नीळ दिलीय आणि गच्चीवर उन्हात वाळत घातलंय. त्यावर जे काळे ठिपके दिसतात ती नक्षी नाही. ती आमच्या मागच्या पुठ्ठ्याच्या कारखान्याची काजळी आहे. वाळत घालताना पांढरं, काढताना ठिपक्याठिपक्यांचं. झटकावं तर आणखी पसरतं, बोटाला तेलकट लागतं. मेले पुठ्ठ्याबरोबर काय काय जाळतात कुणास ठाऊक.

दवाखान्याच्या मेट्रननं अख्खं गाठोडं परत पाठवलं. बाई कडक आहे, पण खोटी नाही. दुपट्यावर अंगठा फिरवला, तो मला दाखवला आणि म्हणाली, "हे तान्ह्याच्या तोंडाला लागतं." तुला माहीत आहे, हॉटेलांची कामं मोठ्या लॉन्ड्रीवाल्यांनी केव्हाच पळवली. मला हा एकच दवाखाना उरलाय. तो गेला की लॉन्ड्रीला कुलूप, आणि मी तुझ्या बापाच्या दारात. दादा तोंडानं काही म्हणणार नाही, पण त्याच्या घरात मला कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून तुमचं टीव्ही बघणं बघायचं नाहीये.

म्हणून कारखान्यात गेले. मॅनेजर उठून उभा राहिला, पंखा लावला, आणि एक कागद पुढे सरकवला. म्हणे, "बाई, आम्ही या धुराचे परवाने विकत घेतलेत. हा धूर कायदेशीर आहे."

कायदेशीर धूर! आणि त्या कागदावर शिक्का कुणाचा? तुझ्या मंडळाचा. दादा गावभर सांगत फिरतो, पोरगी हवा साफ करायच्या खात्यात आहे. कसली हवा साफ करतेस गं? तुला स्वतःच्या कॉलरी साफ ठेवता येत नाहीत. मागच्या वेळी आलीस तेव्हा पिवळी पट्टी मला दारातूनच दिसली होती.

तुझी आत्या


१७ जानेवारी

ती. आत्यास, राखून ठेवलेल्या आशीर्वादांना लांबून नमस्कार.

दुपटं पोचलं. साहेबांसमोर उघडलं गेलं. त्यांना वाटलं मला बाळ झालं आणि मी रजाही घेतली नाही.

तू कारखान्यात जाऊन भांडलीस हे वाचून नवल वाटलं नाही. भांडून हवा साफ होत असती तर तुझ्या गल्लीत आजवर डोंगरावरची झुळूक वाहायला हवी होती. तुला राग आलाय हे समजलं. समजून घ्यायचं असेल तर पुढचं वाच, नाहीतर पत्राचा बोळा कर आणि बॉयलरखाली घाल.

पूर्वी काय होतं? निरीक्षक जायचा. त्या दिवशी चिमणी सोवळ्यातली. चहा व्हायचा, नोटीस व्हायची, कोर्टाची तारीख पडायची, आणि निरीक्षकाची पाठ वळली की पुन्हा काळोख. आता प्रत्येक चिमणीत मोजणीचं यंत्र आहे, ते चहा पीत नाही. सगळ्या शहरानं मिळून वर्षाला किती काजळी सोडायची ती हद्द ठरलीय, आणि ती परवान्यांत वाटून दिलीय. ज्यानं कमी सोडली, त्यानं उरलेले परवाने विकायचे. ज्याला जास्त सोडायचीय, त्यानं घ्यायचे. मार्चअखेर हिशेब. परवाने कमी पडले त्याचा एक बॉयलर पुढची सहामाही बंद. बस. यात लबाडीला जागा नाही, आणि शहराचा एकूण धूर यंदा पाचवा हिस्सा उतरलाय. हे तुझ्या मेट्रनच्या अंगठ्यानं नाही, यंत्रानं मोजलेलं आहे.

आणि हो, ही नियमावली मी लिहिलीय. साहेबांना "प्रत्यर्पण" आणि "विमोचन" असले शब्द हवे होते. मी भांडून सगळं सोपं केलं. परवान्यांचे तीनच प्रकार: वापरलेले, राखलेले, सोडलेले. शेंबड्या पोरालाही कळेल.

आता तुझ्या फायद्याचं. परवाने तुझ्याही नावावर आहेत. मंडळाच्या जुन्या नोंदीत तुझा कोळशाचा बॉयलर होता, त्यावरून वाटप झालं. तू मध्यंतरी गॅसवर आलीस, म्हणजे ते जवळजवळ सगळे शिल्लक. विकून टाक. त्यातून वाळवायचं यंत्र घे. गच्चीवर जायलाच नको, ठिपकेही नकोत आणि भांडणही नको.

तुझी भाची

ता.क. कॉलर बसमुळे मळते.


२५ जानेवारी

ठमे,

नियमावली लिहिणारी बाई ती तू! मग बोलायलाच नको. कानामागून आली आणि तिखट झाली.

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा चष्मा लावून, एकदा काढून. दोन्ही वेळा तेच दिसलं. शहराचा धूर उतरला. छान. कुठं उतरला? ज्यांनी चांगली भट्टी बसवली त्यांच्या गल्लीत. त्यांनी उरलेले परवाने विकले, ते आले आमच्या मागच्या गल्लीत. म्हणजे त्यांच्या वाटचा धूरही आता माझ्या गच्चीवर. एका चादरीवर दहा डाग आणि नऊ चादरी पांढऱ्या, तर तुझ्या हिशेबानं दर चादरीला एकच डाग, काम फक्कड झालं! अगं, बाळंतीण सरासरी चादरीवर निजत नाही. तिच्या खाटेवर जी असते तिच्यावर निजते.

आणि वाटप कसं केलंत? जुन्या धुरावरून. ज्यानं जन्मभर जास्त घाण केली त्याला जास्त हक्क. शाळेत जो जास्त शिव्या देतो त्याला वर्गाचा प्रमुख करायची ही रीत कुठल्या पुस्तकात सापडली?

वाळवायचं यंत्र घे म्हणतेस. घेते. ते हवा कुठून ओढणार, शहाणे? तुझ्या ऑफिसातून नळी टाकणार आहेस का? माझ्याच गल्लीतली ओढणार ना! परवा भीतभीत दुपटी आतल्या खोलीत वाळवली. कुबट वास आला. मेट्रननं नाक मुरडून घेतली आणि म्हणाली, तान्ह्यांची कापडं उन्हातलीच पाहिजेत, ठिपक्यांशिवाय पाहिजेत, आणि पुढच्या वेळी नसतील तर येऊ नका.

आता मूळ गंमत. मी माझ्या वाटचं थुंकले नाही. म्हणून माझी न थुंकलेली थुंकी मी दुसऱ्याला विकायची. आणि त्यानं ती विकत घेऊन माझ्याच दारात थुंकायची. हाच ना तुमचा बाजार? की माझं काही चुकतंय?

गिऱ्हाईक आलं होतं. कारखान्याचा धुराचा दलाल. असा धंदा असतो हे मला आत्ता कळलं. इतकं अत्तर फासून आला होता की खळीच्या पातेल्याला वास लागला. मी त्याचं नाव अत्तरदाणी ठेवलं. म्हणे, "ताई, मार्चअखेर आम्हाला थोडेच कमी पडतात, बाकीच्यांचे विकून झालेत, तुमचेच तेवढे राहिलेत. तुम्हाला तसे नकोच आहेत." मी म्हटलं, तुम्हाला तरी कशाला हवेत, भट्टी नीट करा. तर हसला. म्हणाला, "तुमच्यासारख्या सोडलेल्या बाईला चार पैसे आलेले बरे."

इस्त्री तापलेली होती, पण चादर दवाखान्याची होती म्हणून वाचला. मी त्याला दारापर्यंत नेलं आणि सांगितलं, "मला कुणी सोडलेलं नाही. मी सोडलंय. फरक कळत नसेल तर घरी जाऊन बायकोला विचार, ती सांगेल आणि करूनही दाखवेल."

इतकी वर्षं झाली, तरी या गल्लीत मी सोडलेलीच. तुला ठाऊक आहे सगळं. बॅग मी भरली होती, रिक्षा मी थांबवली होती, नवरा दारात बनियनवर उभा होता. पण लोकांच्या तोंडी व्याकरण उलटंच. जाऊ दे.

परवाने विकणार नाही. धरून बसणार.

आत्या


३ फेब्रुवारी

आत्या,

थुंकीचा दाखला साहेबांनी वाचला. माझ्या टेबलावर पत्र उघडं राहिलं होतं. ते पोट धरून हसले. मला हसू आलं नाही.

धरून बसणार म्हणतेस, तर नियम बघ, आणि कृपा करून तो तुझ्या पद्धतीनं न वाचता छापलाय तसा वाच. वापर नसताना राखलेले परवाने मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आपोआप लिलावात जातात. साठेबाजी होऊ नये म्हणून ही तरतूद आहे, आणि ती शहाण्या लोकांनी विचार करून केलीय. म्हणजे तू धरून बसलीस तरी ते जायचे तिथंच जाणार, फक्त तुझ्या पदरात काही पडणार नाही. वापर, राख, नाहीतर सोड. चौथा रस्ता नाही.

कुणाला किती कमी पडतात, कोण घेणार, हे मी तुला सांगू शकत नाही. मला विचारूही नको. इथं भिंतींना कान आहेत आणि अलीकडे त्यांना अत्तराचा वासही येतो.

आत्या, एकदा तरी राग बाजूला ठेवून स्वतःचं बघ. तुला वाटतं तू जगाला धडा शिकवतेस. जगाला पत्ताही नसतो. अशी तू एकटीच तणतणत राहतेस आणि मग आम्ही घरी तुझ्याविषयी हळू आवाजात बोलतो.

भाची


१४ फेब्रुवारी

ठमे,

हळू आवाजात कशाला? मोठ्यानं बोला, मी बहिरी नाही, माझा इस्त्रीवाला बहिरा आहे.

तुझं पत्र मात्र उपयोगी पडलं. वापर, राख, नाहीतर सोड. वापरायचे नाहीत, राखले तर तुमचा लिलाव गिळणार. राहिलं काय? काल इस्त्रीवाल्याला दुकानात बसवलं आणि मंडळाच्या खिडकीवर गेले. तू वरच्या मजल्यावर असशील, मी वर आले नाही. खिडकीतल्या पोरीनं फॉर्म दिला. तीन चौकटी. मी तिसरीत खूण केली आणि खाली ठळक अक्षरात लिहिलं: "सोडले." सही केली. पोरगी म्हणाली, "सगळे?" म्हटलं, "एकही मागे नाही."

किती हलकं वाटलं म्हणून सांगू! येताना चालत आले.

दवाखान्याचं गाठोडं परवा पुन्हा परत आलं. या वेळी मेट्रन स्वतः आली होती. गच्चीवर नेली तिला, चिमणी दाखवली. बघत उभी राहिली, पदर नाकाला लावून. मग म्हणाली, एप्रिलपर्यंत वाट बघते, तोवर तात्पुरतं काम दुसरीकडे देते. एप्रिलच्या मध्यावर एक गाठोडं पाठवीन, ते पांढरं आलं तर काम तुमचं, नाहीतर राम राम. मी म्हटलं, माझ्या परवान्यांवाचून एप्रिलमध्ये तो बॉयलर बंद असेल, बघाच तुम्ही.

तुझ्या त्या सोप्या शब्दांच्या नियमावलीबद्दल मी वाईट बोलले होते. परत घेते. "सोडले" लिहिताना हात अडला नाही.

आत्या


५ मार्च

हवा मंडळ, परवाना कक्ष

प्रति,
परवानाधारक, वाफेवरील कपडे धुलाई केंद्र

विषय: आपल्या अर्जातील "सोडले" या शब्दाबाबत खुलासा करणेबाबत.

महोदया,

आपण आपल्या खात्यावरील सर्व परवाने "सोडले" असल्याचे नमूद केले आहे. नियमावलीतील "सोडलेले परवाने" या संज्ञेचे दोन अर्थ संभवतात. (अ) बाजारात विक्रीसाठी खुले सोडलेले परवाने. (ब) कायमचे त्यागलेले, म्हणजेच रद्द झालेले परवाने. आपल्या नोंदीवरून कोणता अर्थ अभिप्रेत आहे याचा बोध होत नाही. या परवान्यांस खरेदीदाराची मागणी प्राप्त झालेली आहे.

तरी "सोडले" म्हणजे काय, याचा लेखी खुलासा आपल्या शब्दांत, हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत या कक्षास सादर करावा. मुदतीत खुलासा प्राप्त न झाल्यास अर्थ (अ) ग्राह्य धरण्यात येईल.

सदर परवानाधारक या अधिकाऱ्याच्या नात्यात असल्याची नोंद समितीकडे करण्यात आलेली आहे.

आपली विश्वासू,
कक्ष अधिकारी


९ मार्च

कक्ष अधिकारी महोदया,

"सोडले" म्हणजे काय, असं तुम्ही मला विचारलंत. एवढं शिकून सवरून, खुर्चीवर बसून, नियमावली लिहून, शेवटी विचारलंत ते हे. गाढवापुढे वाचली गीता म्हणतात, पण इथं गीता लिहिणारंच विचारतंय की हे काय लिहिलंय! बरं. घ्या लिहून. माझ्याच शब्दांत मागितलंय, तर माझ्याच शब्दांत घ्या.

गाठ सोडली म्हणजे गाठ उरत नाही. सोडवलेली गाठ उचलून कुणी दुसऱ्याच्या दोरीला लावत नाही. हट्ट सोडला, म्हणजे तो शेजाऱ्याला विकला नाही. आशा सोडली, म्हणजे तुमच्या खिडकीवर आलेला माणूस पायऱ्या उतरताना जे करतो ते. ती आशा तुमच्या साहेबांच्या कपाटात जमा होत नाही.

आता धूर सोडणं. ते वेगळं, हे मला कळतं, तुम्हाला कळत नसलं तरी. सोडलेला धूर जात नाही, तो माझ्या गच्चीवर येतो. म्हणूनच मी धूर सोडलेला नाही. मी धूर सोडायचा हक्क सोडलाय. हे वाक्य सावकाश वाचा, साहेबांना बोट ठेवून वाचायला लावा.

अजून कळलं नसेल तर शेवटचं सांगते, म्हणजे शंका उरणार नाही. मी नवरा सोडला. सोडला तेव्हा तो कुणाच्या नावावर करून दिला नाही. बाजारात मांडला नाही, दलाल नेमला नाही, मागणी आलीय का बघितलं नाही. सोडला म्हणजे माझ्याकडून संपला. परत घेणं नाही, मागे वळणं नाही. तसेच हे परवाने. मला नकोत, कारखान्याला नकोत, अत्तर लावणाऱ्यांना नकोत, मंडळालाही नकोत. त्यातली चिमूटभर काजळीसुद्धा कुणी, कधी, कुठल्याही चिमणीतून सोडायची नाही. सोडणं म्हणजे परत न घेणं आणि दुसऱ्याला न देणं. झाला खुलासा?

आता खुर्चीतून जरा खाली उतर, ठमे, हे तुला आहे.

शेजारपाजारचे मला विचारत आले, "सोडलं म्हणजे नक्की काय, तू की त्यानं?" मी त्यांना उत्तर दिलं नाही, कारण त्यांची लायकी नव्हती. तुला मी सगळी हकीकत लहानपणीच सांगितली होती, याच लॉन्ड्रीत, चादरींच्या ढिगावर बसवून. जगात तू एकटी होतीस जिला मला हा शब्द समजावून सांगावा लागला नव्हता. आणि आज तू शिक्का मारून, जावक क्रमांक घालून, मला विचारतेस. "महोदया" म्हणतेस. "नात्यात असल्याची नोंद" करतेस, उंदीर झाल्याची नोंद करावी तशी. त्या अत्तरदाणीनं निदान तोंडावर तरी म्हटलं होतं.

तुझी खुर्ची तुला लखलाभ. आजपासून तुलाही सोडली. अर्थ वर दिलाय.

परवानाधारक


२८ मार्च

आत्या,

हे पत्र फाडशील हे माहीत आहे. फाडायच्या आधी वाच, कारण तुला वाचल्याशिवाय फाडता येत नाही, हेही माहीत आहे.

तुझा फॉर्म वर आला तेव्हा साहेब म्हणाले, "वा, सोडले म्हणजे विक्रीला सोडले. देऊन टाका." कारखान्याची मागणी त्याच दिवशी हजर होती, अर्जाला वास येत होता. मी नियमावली उघडली. माझीच. सोपी, शेंबड्या पोराला कळणारी. बघते तर "सोडलेले"पुढे मी कुठंच लिहिलेलं नाही की कुणासाठी सोडलेले. "प्रत्यर्पण"ला हसले होते ना मी! तो भिकार शब्द ठेवला असता तर हा घोळ झाला नसता. तुझ्या एका शब्दावर तुझा दवाखाना टांगलेला, आणि तो शब्द मी दोन्हीकडून उघडा ठेवलेला.

तुला यातून वाचवायला एकच वाट होती. अर्थाबद्दल वाद असेल तर धारकाचा लेखी खुलासा अंतिम. पण तो मी सांगून लिहून घेतला असता, तर नात्यातली बाई म्हणून त्याच दिवशी रद्द झाला असता. फोन करता येईना, खूण करता येईना. मग मी माझ्या माहितीतलं सगळ्यात खडूस, सगळ्यात दगडी पत्र लिहिलं. "महोदया" मुद्दाम घातलं. तुला विचारलं की "सोडले" म्हणजे काय, आणि मला खात्री होती की जगात असा एकही अधिकारी नाही जो तुझं उत्तर वाचून म्हणेल, बोध होत नाही.

नातं आधीच कळवलं होतं, म्हणून निर्णयात मला मत नव्हतं. मी फक्त तुझा खुलासा वाचून दाखवला. समितीचे पाच जण, साहेब, आणि कारखान्याच्या बाजूनं अत्तरदाणी. गाढव आणि गीता झाल्यावर साहेबांनी पाणी मागितलं. "साहेबांना बोट ठेवून वाचायला लावा" इथं अध्यक्षबाई खोकल्या. नवऱ्याचा परिच्छेदही वाचला. अत्तरदाणी म्हणाला, "हे सगळं भावनेच्या भरात आहे." अध्यक्षबाई म्हणाल्या, "मी आजवर वाचलेली ही सगळ्यात स्पष्ट व्याख्या आहे. परवाने रद्द."

कारखान्याला मोजून तेवढेच कमी पडले. एक एप्रिलपासून त्यांचा मागचा बॉयलर सहा महिने बंद. तुझ्या गच्चीकडचा.

खुलासा पूर्ण वाचायचा असा नियम आहे, आत्या. मी पूर्ण वाचला. चादरींचा ढीगही वाचला. "आजपासून तुलाही सोडली" हेही वाचलं, सगळ्यांसमोर, आवाज जितका सरळ ठेवता आला तितका ठेवून. साहेबांनी विचारलं, "हे कोणाला उद्देशून आहे?" मी म्हटलं, "मला."

त्यांनी मला आता जुन्या कागदांच्या खोलीत बसवलंय. खिडकी नाही, पण धूळ भरपूर आहे आणि तिला परवाना लागत नाही. साहेबांचं तोंड बघावं लागत नाही हा वरचा फायदा. त्या माणसानं चार वर्षं मला बाजाराचं तत्त्वज्ञान शिकवलं, आणि स्वतः दलालाच्या डब्यातलं जेवत होता. मी ते ऐकून तुला पत्रातून ऐकवत होते. सरासरी चादरीचा दाखला मी आता विसरू शकत नाही, आणि तू बरोबर होतीस हे लिहिताना मला फार जड जातंय.

परवाने रद्द झाल्याची पावती सोबत आहे. बघ तरी.

तुझी असं लिहायचा हक्क आता नाही, म्हणून नुसतीच
भाची


१६ एप्रिल

ठमे,

पत्र फाडलं नाही. तुझा कागद जाड असतो, फाटत नाही लवकर.

कारखान्याचा मागचा बॉयलर एक तारखेला बंद झाला. पहिले चारपाच दिवस मी मुद्दाम एक जुनी चादर गच्चीवर टाकून ठेवली होती, तुमच्या मंडळावर विश्वास नव्हता म्हणून. पुढच्या चिमणीची थोडी काजळी येते, ती पश्चिमेचा वारा असला तरच. काल मेट्रनचं गाठोडं आलं, आज परत गेलं. तिनं प्रत्येक दुपट्यावर अंगठा फिरवला. अंगठा बघितला. काही सापडेना तेव्हा म्हणाली, एका झबल्याची नाडी तुटलीय. म्हणजे काम माझं.

त्या बॉयलरवरच्या दोन भट्टीवाल्यांची रोजी गेली, हे तुमच्या समितीत कुणी वाचून दाखवलं नसेल. त्यातला एक माझ्याकडे आलाय. गॅसच्या बॉयलरसमोर बसून म्हणतो, इथं करायला काहीच नाही. त्याला चादरी घडी घालायला शिकवतेय. दुसऱ्याचं बघायचंय. मालकाच्या अंगाला मात्र काही लागलेलं नाही, आणि ऑक्टोबरात तो पुन्हा परवाने गोळा करायला निघेलच. येऊ दे. अत्तरदाणी परवा रस्त्याच्या पलीकडून गेला. इकडे बघितलं नाही.

तू हुशार आहेस हे मला कुणी सांगायला नको होतं. पण हुशारी दाखवायला माझ्याच जखमेत बोट घालावं लागलं का गं? नवऱ्याचं प्रकरण पाच अनोळखी माणसांना आणि एका दलालाला वाचून दाखवलंस! घरचं धुणं मी जन्मात बाहेर वाळत घातलं नव्हतं. हे मला अजून लागतंय, आणि लागणार. एवढं लिहून ठेवते.

पावती बघितली. वर छापलंय, "सोडणाऱ्याचे नाव", आणि तिथं माझं नाव. शाई आणि शिक्क्यासकट. इतकी वर्षं ही गल्ली मला सोडलेली म्हणत आली, तुझ्या आजीनंही शेवटपर्यंत तेच म्हटलं, आणि बरोबर लिहिलं ते तुमच्या त्या गाढव ऑफिसनं. रडले. इस्त्रीवाल्याला वाटलं हात भाजला. पावती दुकानात दर्शनी भिंतीवर लावलीय. गिऱ्हाईकांना वाटतं धंद्याचा परवाना आहे. वाटू दे.

आता अडचण राहिली एक. सोडणं म्हणजे परत न घेणं, असं मी लिहून दिलंय. त्यावर समितीचा निकाल झालाय, नियमावलीत चढलाय. तुला परत घ्यायची म्हटलं तर माझीच व्याख्या खोटी पडते, आणि उद्या तो कारखानदार म्हणेल, बघा, बाई शब्द फिरवते, काढा तिचे परवाने बाहेर. तसलं मला चालायचं नाही. तेव्हा सोडलेली ती सोडलेलीच.

पण लॉन्ड्री धंद्याची आहे. गिऱ्हाईकाला दार बंद ठेवता येत नाही. धुळीच्या खोलीत बसतेस, कॉलरींची काय दशा झाली असेल ते इथून दिसतंय. रविवारी सगळे शर्ट घेऊन ये. थांबावं लागेल, उन्हात वाळायला दिवस जातो.

आशीर्वाद त्या दुपट्यात गुंडाळलेत. तेही घेऊन ये, पुन्हा धुऊन देते.

आत्या